फिटरचाचांनी उचललेलं छत

कुठल्याही खोलीत शिरले की फिटरचाचा आधी खिशात हात घालायचे, बोराएवढा एक लोखंडी छर्रा काढायचे आणि समोरच्या टेबलावर ठेवायचे. छर्रा घरंगळत कुठे जातो ते मान वाकडी करून पाहायचे. मग खुर्ची ओढून बसायचे. नमस्कार, चहा, तब्येत वगैरे सगळं त्यानंतर.

माझ्या टेबलावर त्यांनी तो पहिल्यांदा ठेवला, तेव्हा मी ग्रंथपाल म्हणून रुजू होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. छर्रा डिंकाच्या बाटलीला वळसा घालून तारखेच्या शिक्क्यावर आपटला आणि मागच्या भिंतीच्या दिशेने खाली पडला. चाचांनी तो वाकून उचलला आणि सदऱ्याला पुसला.

"टेबल वाकडं आहे," मी म्हणाले.

"टेबल नाई बाई. फरशी. मागं दबली ते." त्यांनी बोट वर केलं. "पानी मुरून राह्यलं कुठून तरी. वर पाहा."

मी वर पाहिलं. मला जळमटं दिसली आणि झरोक्यात बसलेला एक होला दिसला.

"मला तर काही दिसत नाही."

"दिसन ना," चाचा म्हणाले. "घाई कायची."

हे चाचा म्हणजे आमच्या गावच्या जिनिंगचे जुने फिटर. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना. आमचं रेल्वेलाइनवरचं गाव एकेकाळी त्याच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. मग जिनिंग बंद पडली. चाचांचं वय साठीपार गेलं होतं, मुली सासरी नांदत होत्या, आणि सकाळी आठच्या ठोक्याला घराबाहेर पडायची सवय तेवढी अंगात राहिली होती. ती सवय त्यांना आमच्या वाचनालयात घेऊन आली. उंच, किडकिडीत देह, डोक्यावर पांढरी टोपी, खाकी पँट, आणि चष्म्याच्या एका काडीच्या जागी तांब्याची तार. त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. मलाही ते पुष्कळ उशिरा कळलं. सगळ्यांचे ते फिटरचाचा.

अडचण एकच होती. चाचा मोठ्याने वाचायचे.

ते उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मराठी अक्षरं त्यांनी एसटीच्या पाट्या आणि गाठींवरचे शिक्के पाहून जमवली होती. 'शांतता राखा' या पाटीच्या बरोबर खाली बसून ते एकेका शब्दावर बोट ठेवत, खणखणीत आवाजात अख्खं वर्तमानपत्र वाचून काढायचे. मथळे, बाजारभाव, हवामान, निधनवार्ता, शेवटच्या पानावरची नळदुरुस्तीची जाहिरातसुद्धा. एक निवृत्त गुरुजी तणतणत माझ्याकडे आले. "बाई, हे वाचनालय आहे की लिलाव?"

मी चाचांना हळूच म्हटलं, "चाचा, जरा मनात वाचा ना."

"मनात वाचून पाह्यलं बाई," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "समजत नाई. कानावर पडल्याबिगर मले पटतच नाई."

मी त्यांची खुर्ची बाहेरच्या ओसरीवर हलवली. माझ्या मते प्रश्न मिटला होता.

ओसरीला लागूनच रस्ता. कापसाच्या, धान्याच्या गाड्या तिथूनच जायच्या. पहिल्या दिवशी एक गाडीवान थांबून ऐकत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी चार जण. पंधरवड्यात ओसरीच्या पायऱ्यांवर बसायला जागा राहिली नाही. डोक्याला रुमाल गुंडाळलेली, हातावर तंबाखू मळणारी माणसं कान देऊन ऐकायची, आणि चाचा एखाद्या शब्दावर अडकले की सगळी मिळून तो सोडवायची. तुमच्याही गावात अशी माणसं असतील, ज्यांना वाचायची भूक असते आणि अक्षरांची भीती वाटते. माझ्या सभासदांच्या यादीत त्यांतलं एकही नाव नव्हतं. तरी माझ्या वाचनालयातली सगळ्यांत मोठी गर्दी तीच होती.

ती वर्षं बीटी कापूस नवा नवा आल्याची. बियाण्याच्या पाकिटात एक घडीचा कागद यायचा, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा. लोक तो चाचांपुढे धरायचे. चाचा वाचायचे आणि अडले की खिडकीतून मला हाक मारायचे.

"बाई, 'आश्रय ओळी' म्हंजे काय?"

मलाही ठाऊक नव्हतं. मी शब्दकोश उघडला, त्यात नव्हतं. शेवटी तालुक्याच्या कृषी सहायकाला गाठून विचारून आले आणि खिडकीतूनच सांगितलं, की पाकिटासोबत साध्या बियाण्याची जी लहान पुडी येते, ती शेताच्या कडेने पेरायची. अळ्यांना तिथे खायला मिळालं तर बीटीची ताकद टिकते.

मग संग्रामपूरच्या बाजूचा देवमन नावाचा शेतकरी हळूच म्हणाला, "ते पुडी तं म्या कोंबड्याइले टाकली."

"मंग आता अळ्या कोंबड्याइले इचारतीन," चाचा म्हणाले. सगळे हसले, आणि सगळ्यांत जास्त देवमन हसला.

हा देवमन सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा. दर बाजारच्या दिवशी येऊन पहिल्या पायरीवर बसायचा. पहिल्या वर्षी बोंडअळीने त्रास दिला नाही, म्हणून तो खुशीत होता. दुसऱ्या वर्षी पावसाने ओढ दिली. कपाशीची पानं लाल पडली, बोंडं लहान राहिली. पायऱ्यांवरचे आवाज कमी झाले. आसपासच्या गावांतून शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या यायच्या. चाचा त्या वाचताना बोट उचलून पुढच्या मथळ्यावर ठेवायचे, आणि कोणी त्यांना मागे जायला सांगायचं नाही.

एका बाजारच्या दिवशी पेपर मिटून ते आत आले. "देवमन दोन बाजार झाले, दिसला नाई."

"कामात असेल," मी म्हणाले.

"काम काय हाय त्याले आता?" एवढं बोलून ते गेले आणि संग्रामपूरच्या एसटीत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले.

"भेटला का?" मी विचारलं.

"भेटला. खाटीवर बसून होता. बोलत नव्हता. म्या बी बोललो नाई. त्याची कडबा कापाची मशीन अडकत होती, ते खोलली, साफ केली, बसवून देली. सांजच्याले म्हने, चाचा, जेवून जा. जेवलो."

"आणि?"

"मंग म्हटलं, आमाले वाचनालयाचं छत उचलाचं हाय, माणसं कमी पडून राह्यले, तू येशीन का? म्हने येतो."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "कसलं छत? कोणी सांगितलंय छत उचलायला?"

"दिसन ना बाई," चाचा म्हणाले. "घाई कायची."

आता त्या छताबद्दल सांगायला हवं. आमचं वाचनालय शंभरी ओलांडलेलं. इंग्रजी अमलात कापसाच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी जमवून बांधलेली इमारत. काळ्या दगडाचा पाया, हातभर जाड विटांच्या भिंती, छपराला आधार देणाऱ्या सहा सागवानी कैच्या आणि वर मंगलोरी कौलं. मागच्या बाजूला छत चार बोटं खाली आलं होतं. पावसाळ्यात मी पुस्तकांपेक्षा बादल्या जास्त हलवायची. वाचनालयाच्या कमिटीने एका तरुण इंजिनीअरला बोलावलं. त्याने खालूनच पाहून छत धोक्याचं ठरवलं. इमारत पाडायची, खाली दुकानं काढायची आणि वरच्या मजल्यावर वाचनालय न्यायचं, असा बेत शिजत होता.

खरं सांगते, मीही पाडायच्याच बाजूने होते. मला स्वच्छ बाथरूम हवं होतं, धड चालणारे पंखे हवे होते. जुन्या इमारतीचं कौतुक तिच्यात काम न करणाऱ्यांना जास्त असतं, असं माझं तेव्हाचं मत.

निर्णयाच्या बैठकीला चाचांना कोणी बोलावलं नव्हतं. ते आले, छर्रा टेबलावर ठेवला, तो गडगडत इंजिनीअरच्या वहीपाशी गेला. अध्यक्ष होते गावातले एक वकीलसाहेब. ते म्हणाले, "चाचा, बैठक चालू आहे."

"चालू द्या ना. मले या साहेबाले एकच इचारायचं हाय." ते इंजिनीअरकडे वळले. "साहेब, तुम्ही वर चढून पाह्यलं का?"

"खालूनच दिसतंय की. चार बोटं खाली आलंय."

"आलंच हाय. पन काऊन आलं?"

चाचांनी ओसरीवरून शिडी आणवली. या वयात ते जिना चढावा तसे चढले आणि कैचीच्या आडव्या तुळईवर पाय सोडून बसले. खिशातून टोच्या काढला आणि तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे खुपसला. टोच्या मुठीपर्यंत आत गेला आणि भुशासारखं लाकूड वकीलसाहेबांच्या चहात पडलं. मग ते हातभर पुढे सरकले आणि तिथे टोच्या मारला. तो टणकन उडाला.

"आता तुम्ही या," चाचा वरून म्हणाले.

इंजिनीअर भला पोरगा होता. त्याने बूट काढले आणि चढला. दोघं वर, आणि आम्ही सगळे माना मागे टाकून खाली. त्याने स्वतः टोच्या घेऊन एकामागून एक सहाही कैच्या तपासल्या. खाली आला तेव्हा त्याचे केस जळमटांनी पांढरे झाले होते.

"फक्त टोकं सडलीत," तो म्हणाला. "मधलं लाकूड खणखणीत आहे."

"पन्हळ फुटलं, पानी भिंतीत उतरलं, टोकं गेली," चाचा म्हणाले. "सडलं तेवढं कापू. नवं सागवान जोडू, दोन्ही बाजूनं लोखंडी पट्ट्या मारू. पन आधी सहाच्या सहा कैच्या एका टायमाले उचला लागतीन. एक मागं राह्यली तं वरचा कणा पिळून जाईन. जिनिंगमधी सहा जॅक पडून हायेत, शाफ्ट उचलाचे."

वकीलसाहेबांनी चहाचा कप दूर सारला. "आणि उचलताना पडलं तर?"

"पडलं तं तुमची पाडाची मेहनत वाचन."

बैठक हसण्यात मोडली. पण इंजिनीअर हसला नाही. तो म्हणाला, "काम चालेल तितके दिवस मी इथे उभा राहीन." महिनाभराची मुदत मिळाली. चाचा बाहेर पडताना मी त्यांना विचारलं, "देवमनला तुम्ही हे कमिटीच्या आधीच कसं सांगितलंत?"

"त्याले काम पाह्यजे होतं बाई. मंग काम शोधा लागलं."

त्या हिवाळ्यात कापूस खरेदी केंद्रावरची गाड्यांची रांग आमच्या ओसरीपर्यंत आली होती. नंबर लागायला दोन दोन दिवस जायचे. बैल सोडलेले, जू टेकवलेलं, माणसं गाडीखाली बसलेली. चाचा रांगेच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि बसलेल्या प्रत्येकाला एकच विचारत गेले, "रिकामा हायेस का बे?" तासाभरात कौलं उतरवायला माणसांची साखळी उभी राहिली. हातोहात कौलं खाली आली. रांग पुढे सरकली की साखळीतली माणसं बदलायची, काम तसंच चालू राहायचं. देवमनची गाडीही त्याच रांगेत होती. त्या वर्षी तिच्यात निम्माच कापूस होता. गाडी लावून तो आला आणि दुसऱ्या कोणाच्या हाती जॅकला तेल द्यायचं कापड जाऊ देईना.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं.

छपरावर एक कौल नव्हतं. पुस्तकं हॉलच्या मधोमध बाकांवर रचलेली आणि वर जुनं विरलेलं प्लास्टिक. शाळेने एक खोली देऊ केली होती, पण ती सोमवारपासून मिळणार होती, आणि तो दिवस होता शुक्रवार. चाचा नमाजाला गेलेले. वारा सुटला आणि पहिल्याच झोताने प्लास्टिक टरकावलं. मी दारात उभी राहिले.

रांगेतले लोक आपापल्या कापसावर ताडपत्र्या ताणत होते. त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने मागायचं? भिजलेला कापूस कोण घेणार?

देवमन आपली गाडी झाकत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि ताडपत्रीचं टोक उचललं.

"बाई, पुस्तकं आना. कापसात टाका."

"तुझा कापूस..."

"माहा कापूस कमीच हाय. जागा हाय गाडीत."

मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. कौलं उतरवणारी साखळी पुन्हा उभी राहिली, फक्त आता तिच्यातून पुस्तकं चालली. देवमनची गाडी भरली, मग मागची, मग तिच्या मागची. कादंबऱ्या, चरित्रं, पोथ्या, जुन्या मासिकांचे बांधीव अंक, सगळं पांढऱ्या कापसात गळ्यापर्यंत बुडालं आणि वरून ताडपत्री ओढली गेली. शेवटचा गठ्ठा आत गेला आणि पाऊस कोसळला. तासभर पडला. हॉलमध्ये घोट्यापर्यंत पाणी होतं. चाचा भिजत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले. रिकामे बाक पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"पुस्तकं?"

मी रस्त्याकडे बोट दाखवलं. त्यांनी एका गाडीची ताडपत्री वर केली. आत एक म्हातारा गाडीवान कापसात रेलून, बॅटरी लावून एक पुस्तक वाचत होता. मोठ्याने.

चाचांनी ताडपत्री हलक्या हाताने परत खाली सोडली.

सगळी पुस्तकं कोरडी निघाली. एक गाडी मात्र पावसानंतर नंबर लागला म्हणून तशीच पुढे गेली होती. केंद्रावरच्या ग्रेडरने कापूस तपासायला हात घातला आणि त्याच्या हाती शब्दकोशाचा दुसरा खंड लागला. तो चिडायच्या ऐवजी तो खंड स्वतः काखेत मारून वाचनालयात घेऊन आला. "असं वाण मी अजून पाहिलं नव्हतं," म्हणाला. पुढे किती तरी महिने लोक पुस्तक परत करताना सांगायचे, बाई, यात कापूस निघाला.

छत उचलायचा दिवस ठरला तो पुढच्या बुधवारी सकाळी. सहा जॅक सहा कैच्यांखाली, जाड सागवानी टेकूंवर. प्रत्येक जॅकपाशी दोन माणसं. चाचा वर तुळईवर बसले, तोंडात जिनिंगमधली पितळी शिट्टी. तिथूनच सहाही जॅकवर नजर राहते, असं त्यांचं म्हणणं. इंजिनीअर ओळंबा आणि पाणसळ घेऊन भिंतीपाशी उभा.

"एका शिट्टीले पाव फेरा," चाचांनी वरून सांगितलं. "कमी नाई, जास्त नाई. कोनी पहिलवानकी करू नोका."

शिट्टी वाजली. बारा जणांचे हात फिरले. काहीच झालं नाही. पुन्हा शिट्टी. पुन्हा काही नाही. पाचव्या शिट्टीला वरून एक लांब कुरकुर आली, म्हातारं माणूस उठताना काढतं तशी. चौथ्या जॅकवरचा देवमन दचकून मागे सरला.

"भेव नोको, लेका," चाचा म्हणाले. "आंग मोडून राह्यलं ते. लय दिवस झोपलं होतं."

दुपारपर्यंत अर्धं बोट. जेवणाची सुट्टी. संध्याकाळपर्यंत उरलेलं अर्धं. चार दिवस हे असं चाललं. रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहायची. शिट्टी वाजली की आतले आणि बाहेरचे सगळेच श्वास रोखून धरायचे. तक्रार करणारे गुरुजी रोज खुर्ची घेऊन येत, आणि तिसऱ्या दिवशी सहाव्या जॅकवरच्या माणसाचा नंबर लागला तेव्हा धोतराचा काचा मारून ते स्वतः त्या जॅकवर बसले. चौथ्या दिवशी मावळतीच्या आधी इंजिनीअर म्हणाला, "लेव्हल." त्याच क्षणी मागच्या भिंतीतली खिडकी, जी मी आल्यापासून कधीच उघडली नव्हती, आपोआप टक् आवाज करून चौकटीतून सुटली आणि हळूच बाहेर झुलली. आत उजेडाचा पट्टा आला. दाराशी उभ्या बायका आधी हसल्या, मग सगळेच हसत सुटले. देवमनने जॅकवरचे हात काढले आणि पंजे उघडून बघत राहिला.

सडलेली टोकं कापून नवी बसवायला आणि पन्हळ बदलायला पुढचे दहा दिवस गेले. पट्ट्यांचे बोल्ट आणायला चाचा स्वतः नांदुऱ्याला जायचे आणि दुकानात एकेक नट हाताने फिरवून घ्यायचे.

मग नव्या गोष्टी आल्या. मला हवं होतं ते बाथरूम झालं, पंखे आले, पुस्तकांच्या नोंदींसाठी संगणक आला, बायकांसाठी दुपारची वेगळी वेळ आणि वेगळी खोली झाली. या सगळ्यात चाचा आणि इंजिनीअर रोज भांडायचे आणि रोज एकाच ताटातली भजी खायचे. इंजिनीअरला खालून पांढरं सपाट सीलिंग हवं होतं.

"झाकता काऊन?" चाचा म्हणाले. "लोकाइनं उचललं, लोकाइले पाहू द्या."

सीलिंग रद्द झालं. बदल्यात कैच्यांवर दिवे लावायची इंजिनीअरची कल्पना चाचांनी मान्य केली, पण वायर स्वतः ओढून.

त्यांची एकच मागणी होती, आणि तिच्यावर कमिटी दोन बैठका अडून बसली. मागच्या कोपऱ्यातली जाड भिंतींची खोली त्यांना मोठ्याने वाचायला हवी होती. वकीलसाहेब म्हणाले, "वाचनालयात मोठ्याने वाचायची खोली? जगात कुठे आहे?"

"मले काय मालूम," चाचा म्हणाले. "मी जगात कुठी गेलो?"

गुरुजी उठले आणि म्हणाले, की भिंत इतकी जाड आहे की लिलाव केला तरी बाहेर ऐकू येणार नाही. खोली मंजूर झाली. त्या खोलीत आधी बी-बियाण्याचे कागद वाचले गेले, मग पीकविम्याचे अर्ज, मग हळूहळू कथा आणि कादंबऱ्या. संगणकावर कापसाचे बाजारभाव दिसायला लागले तेव्हा मी ते कागदावर उतरवून तिथे द्यायची. देवमनने तिथेच आपल्या सुनेला पहिल्यांदा वाचायला बसवलं. ती चाचांपेक्षा भराभर वाचायची. चाचांना ते आवडलं नाही. तिने एखादी ओळ गिळली असेल असा त्यांना संशय यायचा, म्हणून ते तिला मागे नेत राहायचे.

पुढे मी त्यांना माझ्या माहेरी, डोणगावला, एका जुन्या शाळेचं छत दाखवायला घेऊन गेले. तेही त्यांनी उचललं. मग आणखी एका गावचं. सत्तरीत त्या माणसाला इतकी मागणी आली की ओसरीवरची खुर्ची महिनोन्महिने रिकामी राहायला लागली. परत आले की आधी छताखालून एक फेरी मारायचे, मग माझ्याकडे यायचे आणि बाहेरगावची सगळी हकिकत सांगायचे. त्यांच्या तोंडून माणसांची नावं क्वचित यायची, पण कुठल्या गावात किती कैच्या आहेत हे त्यांना पाठ होतं.

एका हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापाने ते गेले. घरीच, आपल्या खाटेवर. मातीला तीन गावांची माणसं आली होती. देवमन संग्रामपूरहून आला आणि खांदा द्यायला पुढे झाला, तेव्हा कोणी त्याला कोण म्हणून विचारलं नाही.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर एका दुपारी बायकांच्या वेळेत चाची आल्या. दोन गल्ल्या सोडून राहायच्या, पण वाचनालयाच्या पायऱ्या कधी चढल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या दारातच थांबल्या.

"बाई, ते छत कोनतं? यायनं उचललेलं?"

मी त्यांना हॉलमध्ये नेलं आणि कैच्यांवरचे दिवे लावले. चाचींनी वर पाहिलं. पाहता पाहता त्यांची मान मागे गेली, पदर खांद्यावर उतरला.

"हे? एवढं उंच?"

"हो. त्या मधल्या तुळईवर बसून शिट्टी वाजवायचे. चारही दिवस."

चाची माझ्याकडे वळल्या. "मले तं म्हनले होते, खाली उभा राहून नुसता हुकूम सोडतो म्हनून. जिनिंगमधी एकडाव वरून पडले होते, तवापासून म्या शपथ घातली होती, शिडीवर पाय ठेवाचा नाई म्हनून. रोज घरी आले की इचारत होती, चढले तं नाई ना? म्हने, मी काऊन चढू, पोरं हायेत ना."

"डोणगावलाही चढले होते," मी म्हणाले. आता लपवून काय उपयोग होता.

"तथी बी?"

"तिथे तर त्याहून उंच."

चाचींनी तोंडावर पदर धरला. मला वाटलं रडताहेत. पण त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. त्या हसत हसत बाकावर बसल्या, डोळे पुसले, पुन्हा वर पाहिलं आणि पुन्हा हसल्या. "पाहा बाई, पाहा," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्सं संसार केला, न् मले आज समजून राह्यलं."

वाचायला आलेल्या पोरी पुस्तकं मिटून त्यांच्याकडे बघत होत्या. मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. त्यांनी पेला घेतला, पण पाणी प्यायल्या नाहीत. मांडीवर पेला धरून त्या पहिल्या कैचीपासून सुरुवात करून एकेक कैची बोटाने मोजत गेल्या, आणि चौथीवर थांबून त्यांनी विचारलं, "इथून चढत असतीन, नाई?"